तिसऱ्या भागानंतर

टीव्ही बंद करायचा राहून गेला होता, एवढंच खरं तर झालं होतं. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला विजयमाला कॉलेजातून घरी आली, चपला काढून पंख्याच्या बटणाकडे वळली, आणि समोरच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांतला प्रश्न तिच्याकडे बघत होता : अजून पाहताय का? बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की टीव्ही असं विचारतो, माणूस उठून गेला की काय याची खात्री करून घेतो, हे तिला ठाऊक होतं. खातं तिचंच होतं, लेकीनं, मोनिकानं, पुण्याहून करून दिलेलं. पण प्रश्नाच्या वर मालिकेचं नाव होतं, शेजारी 'भाग आठवा' असं लिहिलेलं होतं, आणि तिथं तिच्या मनात पाल चुकचुकली. ही फिनलंडची, फेरीबोटीवरची मालिका तिनं तिसऱ्या भागानंतरच सोडली होती. नुसती सोडली नव्हती, पावणेदोनशे लोकांना सांगून सोडली होती. मग पुढचे पाच भाग बघितले कुणी? घरात माणसं दोन. त्यातलं एक दिवसभर कॉलेजच्या ग्रंथालयात, आणि दुसरं म्हणजे तिचा नवरा गहिनीनाथ, ज्याला परदेशी मालिका म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत जांभई यायची. ती पंखा लावायचं विसरून तशीच उभी राहिली. कुणीतरी आपल्या ताटात जेवून उठलंय आणि ताट धुवायला विसरलंय, असं काहीसं तिला वाटलं.

संगमनेरात लोक विजयमालाला ओळखत ते सहायक ग्रंथपाल म्हणून कमी आणि 'बघण्याजोगं' या मोबाईलवरच्या ग्रुपची बाई म्हणून जास्त. करोनात घरी बसल्या बसल्या सुरू केलेला तो ग्रुप आता कोपरगाव, राहुरी, लोणीपर्यंत पसरला होता. दर शनिवारी सकाळी ती जगभरातल्या तीन मालिका सुचवायची, प्रत्येकीवर चार-पाच ओळी लिहायची. कोरियात सार्वजनिक स्नानगृह चालवणाऱ्या तीन बहिणींची मालिका, उरुग्वेतल्या दीपगृहावर बदली झालेल्या कारकुनाची, तुर्कस्तानातल्या शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या बापलेकीची. भाजीबाजारात एखादा अनोळखी गृहस्थ मेथीची जुडी हातात धरून म्हणायचा, "मॅडम, ती दीपगृहवाली लई भारी. आमच्या मिसेस रडल्या." मग तिला दिवसभर हलकं वाटायचं. बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला कुणीतरी काहीतरी विचारावं, यासारखं सुख नाही, आणि तिला ते उशिरा मिळालं होतं म्हणून ती ते जपत होती. प्रत्येक शिफारशीच्या खाली ती एक ओळ न चुकता लिहायची : शेवटपर्यंत बघा, मग बोला. स्वतःही पाळायची. फक्त या फिनलंडच्या मालिकेपुरता नियम मोडला होता. परीक्षांचे दिवस होते, डोकं उठलं होतं, आणि पडद्यावर ती बोट, ते राखाडी पाणी, इंजिनखोलीतला तो घुम्या माणूस आणि किनाऱ्यावर त्याची बायको. तिनं लिहून टाकलं, तिसरा भाग संपला तरी नवरा-बायको एकमेकांशी धड बोलत नाहीत, वेळ घालवू नका. चाळीस जणांनी अंगठे वर केले होते.

गहिनीनाथ बाहेरून आला तेव्हा त्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. तिनं टीव्ही बंद करून टाकला होता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. चोर पकडायचा तर दिवा लावून बसू नये, एवढं तिला निरनिराळ्या देशांच्या पोलिसांनी आजवर शिकवलं होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "दुपारी टीव्ही लावला होता का तुम्ही?" त्यानं तिच्याकडे बघितलं. म्हणजे तिच्या डोळ्यांकडे नाही, थोडं खाली, हनुवटीच्या आसपास. "न्हाई," तो म्हणाला. "टीव्हीत काय हाय? मी पडलो हुतो." आणि कोथिंबीर तिच्या हातात देऊन मोरीकडे गेला. डोळ्याला डोळा देत नाही, हे तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं आणि लगेच असंही ध्यानात आलं की हे आजचं नाही. वर्षभर तरी, कदाचित जास्तच, हा माणूस बोलताना तिच्या नजरेला नजर देत नव्हता. तिला वाटायचं, आपल्या पुढच्या नव्या दाताकडे बघतो. आता वाटलं, दात कसला! कुठंतरी पाणी मुरतंय.

त्या संध्याकाळी तिनं तिची ठरलेली मालिका लावली खरी, पण लक्ष लागेना. आवाज येत नव्हता म्हणून रिमोट दाबला तर आकडा शून्यावर होता. हेही आजचं नव्हतं. गेले कित्येक दिवस रोज संध्याकाळी आवाज शून्यावर असायचा आणि ती रिमोटला शिव्या देत तो वाढवायची, बटणाखाली काहीतरी अडकत असेल म्हणून दोनदा तिनं रिमोट उघडून फुंकरसुद्धा मारली होती. आता तिला आपल्या भोळेपणाचं हसू आलं. दुपारी कुणी टीव्ही बघतं आणि आवाज शून्यावर ठेवून बघतं. माणूस एकटा असेल तर आवाज कशाला बंद करेल? आवाज बंद करायचा तो शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. आणि शेजाऱ्यांना कळू नये असं टीव्हीत काय असणार, ते टीव्हीसमोर बसलेल्यात असणार. एकदा हा धागा हाती लागल्यावर बाकीचं आपोआप उलगडत आलं. मागच्या महिन्यात दोनदा दुपारी ती लवकर आली होती तेव्हा दाराला आतून कडी होती, घंटा वाजवून वाजवून बोट दुखलं तरी दार उघडलं नव्हतं, शेवटी मागच्या दाराच्या किल्लीनं ती आत आली होती. झोप लागली म्हणाला. फोन केला तर उचलत नाही, मग अर्ध्या तासानं मेसेज येतो : काय आणू? पूर्वी बोलायचा, आता लिहितो. दिवाळीच्या सुमाराला त्याच्या सदऱ्याच्या खिशात नाशिकच्या एसटीचं तिकीट सापडलं होतं, धुवायला टाकताना. कशाला गेला होतात, विचारलं, तर म्हणाला, एका जुन्या माणसाला भेटाया. कोणता माणूस, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं खोदून विचारलं नाही. बायका खोदून विचारत नाहीत आणि आठव्या भागात तोंडावर पडतात, हे तिनंच कुठल्याशा पोर्तुगीज मालिकेबद्दल लिहिलं होतं.

तिला राहून राहून कारखान्याचे दिवस आठवू लागले. लग्न झालं तेव्हा गहिनीनाथ साखर कारखान्यात मिलवर होता आणि ती दोघं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायची. हंगामाच्या दिवसांत सगळी हवा उसाच्या रसाची, गोड आणि थोडी आंबूस. गव्हाणीत मोळ्या पडायच्या, पात्यांखालून चुरा होऊन रोलरमध्ये जायच्या, आणि त्या सगळ्याचा असा आवाज, की शेजारचा माणूस ओरडला तरी फक्त तोंड हललेलं दिसावं. म्हणून मिलवरची माणसं हातांनी बोलत. पंजा वर म्हणजे थांब. हवेत गोल फिरवलेला हात म्हणजे चालू कर. दोन बोटं डोळ्यांखाली म्हणजे मागं लक्ष ठेव. नव्या नवरीला त्यानं ते सगळं शिकवलं होतं, कामाची पाळी संपवून आल्यावर अंगाला मळीचा वास असायचा आणि हात मात्र बोलत असायचे. सगळ्यांत तिला आवडलेली खूण वेगळीच होती. ज्याच्या हातून चूक व्हायची, मोळी आडवी जायची, मिल गच्च बसायची, त्यानं कुणी विचारायच्या आधी दोन बोटं छातीवर टेकवायची. चूक माझी. त्या गदारोळात कुणी कुणाला बोल लावत बसू शकत नव्हतं, म्हणून ज्याची चूक त्यानंच दाखवायची असा मिलचा रिवाज होता, आणि बोटं टेकवली की कुणी पुढं काही बोलायचं नाही, सगळ्यांनी मिळून अडकलेला ऊस उपसायचा. पहिल्या वर्षी भाजीत मीठ जास्त झालं तर ती नुसती दोन बोटं छातीवर टेकवायची आणि तो हसायचा. कधी थांबलं ते? आठवत नव्हतं. आठवला तो त्या क्वार्टरचा ओटा आणि ओट्यावर बसलेले तिचे सासरे, आप्पा. त्यांनीही पंचवीस हंगाम मिलवर काढले होते आणि ते ठार बहिरे होते. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचे. एकदा ती आणि तिची जाऊ भाकरी थापत होत्या, आप्पा समोरच भिंतीला टेकून जेवायची वाट बघत होते, आणि विजयमाला थापता थापता म्हणाली होती, "यांना न्यायचं देवाच्या ध्यानातनं गेलेलं दिसतंय." जाऊ इतकी हसली की पीठ सांडलं. दोघींना हसताना बघून आप्पाही हसले होते. गहिनीनाथ तेव्हा पहिली पाळी करून आला होता, मोरीत पाय धूत होता, नळ चालू होता. तो त्या दिवशी चहा न घेताच बाहेर गेला. हे आत्ता का आठवावं, तिला कळेना. तिनं ते मनातून झटकलं आणि पुन्हा तिकिटावर, कडीवर, शून्यावर आली.

बुधवारी सकाळी निघताना तिनं एक युक्ती केली. फिनलंडची मालिका कुठवर आलीय ते बघून ठेवलं : आठवा भाग, एकोणिसावं मिनिट. संध्याकाळी येऊन बघितलं तर नववा सुरू झाला होता. आवाज शून्य. पडद्यावर खाली येणाऱ्या संवादांच्या ओळी इंग्रजीतून हिंदीत गेल्या होत्या आणि अक्षरं केवढी तरी मोठी. गहिनीनाथला इंग्रजी जमत नसे, हिंदी तो अडखळत वाचायचा, पण त्या मोठ्या हिंदी अक्षरांत तिला दुसरंच कुणीतरी दिसायला लागलं. चष्मा न लावणारं. तिच्याच खुर्चीत तिच्याच यादीतलं बघत बसणारं. लेकीनं खात्यात तिघांची तीन चित्रं करून दिली होती, आई, बाबा, मोनिका. बाबांचं चित्र आजवर कुणी उघडलं नव्हतं. मग चोरी करायची ती आईच्याच नावाखाली का? त्यात काही खुन्नस असेल का? बाल्कनीत कपडे काढायला गेली तर पलीकडून शेजारच्या छबूबाई दोरीवरचे चिमटे गोळा करता करता म्हणाल्या, "विजूताई, इचारू का एक? राग नका मानू. दुपारी कोन येतंय तुमच्याकडं?"

"कोण येणार? कुणी नाही. का हो?"

"न्हाई, मला आपलं खिडकीतनं दिसलं म्हून. आवाज न्हाई, काय न्हाई. तुमचे ह्ये बसल्यात आन् कुनाला तरी हात करत्यात. असं असं." छबूबाईंनी पंजा वर केला, मग दोन बोटं डोळ्यांखाली नेली. "समोर कोन ते दिसंना. पडदा आडवा येतोय ना तुमचा."

"झोपेत असतील," विजयमाला म्हणाली, आणि तिचं स्वतःचंच उत्तर तिला इतकं पोकळ वाटलं की ती कपडे तसेच खांद्यावर टाकून आत निघून आली. हात करतो. ज्या हातांनी पहिल्या वर्षी तिच्याशी बोलायचा, त्या हातांनी. बाई आली असती, बोलली असती, हसली असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं, असं तिला त्या रागात वाटलं, आणि ते खरं नव्हतं हेही कळत होतं. पण ती खूण दुसऱ्या कुणाला शिकवली, हे तिला सोसवेना. त्या रात्रीच्या जेवणात तिनं मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून, भांडी घासता घासता विचारलं, "मागं लक्ष ठेव, त्याची खूण काय हो तुमच्या मिलमधली?" तो जेवत राहिला. एक शब्द नाही. या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची त्याची सवय जुनीच होती, पण आज तिला ते उत्तरच वाटलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत धनश्री ग्रंथालयात आली. धनश्री कॉमर्सची तरुण प्राध्यापिका, ग्रुपमधली सगळ्यांत उत्साही, शनिवारची वाट न बघता आधीच विचारायची की या वेळी काय सुचवणार. विजयमालानं रजिस्टर बंद केलं. "एक बघतेय मी," ती म्हणाली, आणि तिला स्वतःच्या आवाजातली सफाई ऐकून जरा भीतीच वाटली. "कुठली आहे ते नंतर सांगते. एक गाव आहे. बायको नोकरी करते, नवरा रिटायर. तो दुपारी दाराला आतून कडी घालून टीव्ही बघतो, आवाज पूर्ण बंद ठेवून. विचारलं तर नाही म्हणतो. फोन उचलत नाही. बोलताना डोळ्याला डोळा देत नाही. एकदा कुठंतरी लांब जाऊन आलाय, ते धड सांगत नाही. शेजारणीनं त्याला कुणाला तरी खुणा करताना बघितलंय. काय असेल?"

धनश्रीनं क्षणभरही घेतला नाही. "दुसरी बाई, मॅडम. यात काय विचार करायचा? किती भाग आहेत?"

"माहीत नाही. चालूच आहे."

"मग बायको शेवटी काय करते?"

"तेच बघतेय," विजयमाला म्हणाली. धनश्री हसून निघून गेली आणि विजयमालाला एकदम रडू आलं, मग ती कपाटांच्या मागं जाऊन नुसतीच पुस्तकं सरळ करत राहिली. जगभरच्या किती नवऱ्यांवर तिनं चार-चार ओळींत निकाल दिले होते. पहिल्या भागातच कळतं की हा खोटं बोलतोय, असं लिहायची आणि लोकांना पटायचं. हाताच्या कांकणाला आरसा कशाला! आता स्वतःच्या घरातलं तिला तिसऱ्याच माणसानं एका वाक्यात सांगितलं होतं. तीस वर्षं. रिटायर झाल्यापासून तर हा माणूस घरात असून नसल्यासारखा, सांगितलेलं विसरणारा, हाक मारली तर न येणारा, लग्नात-बारशात कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघून नुसता हसणारा. तिनं ते म्हातारपण समजून सोडून दिलं होतं. म्हातारपण नव्हतं तर. जीव दुसरीकडे होता.

शुक्रवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नाशिक-पुणे रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं, रिक्षावाला काहीतरी बोलत होता, तिला ऐकू येत नव्हतं. घराच्या मागच्या बाजूनं ती आली, किल्ली फिरवली, स्वयंपाकघरात चपला काढल्या. आत इतकी शांतता होती की फ्रीजची घरघर मोठी वाटली. तिनं आधी झोपायच्या खोलीत बघितलं. कुणी नाही. न्हाणीघराचं दार ढकललं. कुणी नाही. मग बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. गहिनीनाथ तिच्याकडे पाठ करून, टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून एकटाच बसला होता. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्याचा टॉवेल वाळत होता. पडद्यावर बोटीची इंजिनखोली, खाली मोठाली हिंदी अक्षरं. एक ओळ आली की तो टीव्ही थांबवायचा, ओठ हलवत ती वाचायचा, मग पुन्हा चालू करायचा. कुणीच नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, उलट चार दिवस साठलेलं सगळं एकदम वर आलं. कुणी असती तर तिच्यावर ओरडता आलं असतं. आता ओरडायला फक्त ही पाठ होती.

"मजा आहे तुमची," ती म्हणाली. पाठ हलली नाही. "मी विचारलं तर नाही म्हणालात. तोंडावर खोटं बोललात. माझ्याबरोबर बसून कधी एक भाग बघितलात का? मी बोलावलं की जांभया. आणि आता कड्या लावून बघताय. एवढी नकोशी झाले मी?" तो ओठ हलवत वाचत होता. "बोला की! तीस वर्षं भिंतीशी संसार केला मी. भिंत बरी, निदान खोटं बोलत नाही. नाशिकला कुणाकडे गेला होतात? कुणाला हात करता इथं बसून? अहो, या टीव्हीतली परकी माणसं माझ्याशी जास्त बोलतात तुमच्यापेक्षा. तुम्ही उद्या त्या खुर्चीत मरून पडलात ना, तरी मला चार दिवस कळायचं नाही, काही फरकच नाही पडणार!" त्यानं एकदम पंजा वर केला. थांब. तिचा संताप डोक्यात गेला. मला थांब म्हणतो? आणि मग तिनं पडद्याकडे बघितलं. इंजिनखोलीतला तो घुम्या माणूस शिडी उतरत होता आणि त्याच्या मागं वाफेचा नळ फुटायला आला होता. गहिनीनाथनं दोन बोटं डोळ्यांखाली नेली. मागं लक्ष ठेव. तो त्या फिनलंडच्या माणसाला सांगत होता. तिच्या हातातली डब्याची पिशवी सुटली, स्टीलचा डबा फरशीवर आपटला, झाकण खणखणत भिंतीपर्यंत गेलं, गोल गोल फिरत राहिलं आणि थांबलं. पलीकडच्या घरात कुत्रं भुंकलं. गहिनीनाथची मान तसूभरही वळली नाही.

तिला सगळं कळलं. ती चौकटीला धरून उभी राहिली. फोन, घंटा, शून्य, हनुवटीकडे बघणारे डोळे. डोळे नव्हे, ओठ. तो वर्षभर तिचे ओठ वाचत होता आणि ती त्याला पाठ करून भांडी घासत बोलत होती. तेवढ्यात भाग संपला. पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत मागच्या दारातनं येणाऱ्या उजेडासमोर ती स्वतःला दिसली, उभीच्या उभी, तोंड अजून उघडं. गहिनीनाथ वळला.

"लौकर आलीस?" तो म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात. चोरी पकडल्यासारखा नव्हे, दमलेल्या माणसासारखा. तिनं मान हलवली. ती त्याच्यासमोर येऊन बसली, टॉवेल मांडीवर घेतला, आणि हळूहळू, तोंड मोठं करत म्हणाली, "कधीपासून?"

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्यानं टीव्हीकडे हात केला, जणू बोलायचं ते त्याच्याबद्दलच होतं. "दोन वर्सं झाली. डावा तर पार गेला. उजव्यात नुस्ती मिल चालू असती, बंदच व्हत न्हाई. टीव्हीचा आवाज किती झाला ते कळत न्हाई, म्हून शून्यावरच ठेवतो. नाशिकला दाखवलं. कानात मशीन लावा म्हनला डाक्टर." आणि मग एकदम उजळून, "तू उगाच सोडलीस ही. शनवारचं तुझं मी वाचतो की समदं. तुझ्याच यादीतलं बघतो. शेवटपर्यंत बघा म्हनतीस आन् हीच तू अर्धी टाकली. तिसऱ्यानंतरच तर सुरू हुती. त्या इंजिनात कोन कुनाशी बोलत न्हाई, हातानंच चालतं. आपल्या मिलसारखं. आन् ह्या बाहेरच्या मालिका कशा हायेत, त्यांची बोली कुनालाच कळत न्हाई. समदे वाचूनच बघत्यात. तू बी वाचूनच बघतीस ना? मग तितं मी तुमच्यासारखाच."

तिनं मांडीवरच्या टॉवेलची घडी घातली. मग ती म्हणाली, "मग सांगायचं ना. मशीन घेऊ या. माझ्यापासून काय लपवायचं?"

हे त्यानं वाचलं की नाही, कळलं नाही. तो खाली पडलेल्या डब्याकडे बघत होता. मग शांतपणे, पहिल्यांदाच बेताच्या आवाजात म्हणाला, "आप्पाचं बघितलं हुतं मी. बहिऱ्यापुढं लोक काय वाटंल ते बोलत्यात."

लोक म्हणाला. नाव नाही घेतलं. तिला भाकरीचं पीठ दिसलं, मोरीतला नळ दिसला, आणि तेव्हा नळ किती हळू चालू होता तेही दिसलं. तीस वर्षं त्यानं ते कुठं ठेवलं होतं? आणि आत्ताचं? काच काळी व्हायच्या आधी इंजिनखोली तरी कुठं उजेडाची होती! किती वेळ ती त्या काचेत दिसत असेल, तोंड हलताना? चार दिवस ती त्याच्यावर पाळत ठेवून होती आणि आता तिला त्याच्या चेहऱ्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. विचारावं तर काय विचारावं? ऐकलंत का? वाचलंत का?

विजयमालानं उजव्या हाताची दोन बोटं जुळवली आणि छातीवर टेकवली. गहिनीनाथ त्या बोटांकडे बघत राहिला, मग तिच्या ओठांकडे, आणि मग कितीतरी दिवसांनी सरळ तिच्या डोळ्यांकडे. कोणती चूक, ते त्यानं विचारलं नाही. त्यानं हात वर केला आणि हवेत एकदा गोल फिरवला. तिनं त्याच्या मांडीवरचा रिमोट घेतला, आवाज होता तसा शून्यावरच राहू दिला, आणि चौथा भाग लावला.